स्नानमंडळाची वेबसाइट

थंड पाण्याशी माझं काहीही वैर नाही. पाण्याने समुद्रात असावं आणि मी घरात असावं, एवढंच माझं म्हणणं आहे. पण माझी बायको इंगेलिसे हिवाळाभर रोज सकाळी टॉवेलच्या कापडाचा झगा घालून सायकलवर बसते, बंदरापलीकडच्या धक्क्यावर जाते आणि शिडीवरून समुद्रात उतरते. तिथे तिच्यासारखेच आणखी लोक जमतात. पाण्यातून बाहेर आले की ते लाकडी खोपटातल्या सॉनात, म्हणजे वाफेने तापलेल्या खोलीत, बसतात, घामाघूम झाले की पुन्हा पाण्यात. हे सगळं कपड्यांविना चालतं. आमच्या हेसेलविगमध्ये याबद्दल कोणी काही म्हणत नाही, मीही म्हणत नाही. माझी तक्रार आहे ती एका रविवारी नाश्त्याच्या टेबलावर जे झालं त्याबद्दल.

"मंडळाला वेबसाइट हवी आहे," राय धान्याच्या काळ्या पावाला लोणी लावता लावता ती म्हणाली. "मी सांगून टाकलं, आस्गर करेल."

आमच्याच गल्लीत एक प्लंबर राहतो. मंडळाचा नळ गळतो तेव्हा त्याच्या बायकोने असं सांगून टाकल्याचं माझ्या ऐकिवात नाही. मंडळ त्याला रीतसर फोन करतं, तो येईल तेव्हा येतो, आणि तो गुडघ्यावर बसून पाइपाकडे बघत नुसता हुंकारला तरी सगळे आदराने गप्प होतात. वेबसाइट मात्र कोणी करावी लागते असं लोकांना वाटतच नाही. पावाला बुरशी येते तशी ती आपोआप येते, आणि न आल्यास माझी चूक.

मी हाच धंदा करतो. आमच्या आणि आजूबाजूच्या गावांतल्या दुकानदारांच्या वेबसाइट बांधतो, आणि बांधून झाल्यावर त्या जिवंत ठेवतो. यातलं दुसरं काम कोणालाच कळत नाही. आमचा अंत्यविधीवाला दर उन्हाळ्यात विचारतो की पहिल्या पानावर काही सवलत जाहीर करता येईल का. मासळीवाल्या बाई फोन करून सांगतात की फोटोतला हेरिंग आता शिळा दिसायला लागला आहे, कारण फोटो टाकून बरेच दिवस झाले. या माणसांना मी शांतपणे उत्तरं देतो. माझा स्वभाव मूळचा शांत आहे. हे आत्ताच सांगून ठेवतो, कारण पुढची हकिगत ऐकून कोणाचा गैरसमज होऊ शकतो.

मंडळाला एकाएकी वेबसाइटची उबळ यायचं कारण नगरपालिका. खोपट उभं आहे ती किनाऱ्याची जागा सार्वजनिक. तिथे राहायचा परवाना ईस्टरच्या आधी संपत होता, आणि नव्या परवान्यासाठी पालिकेने अट घातली की मंडळाचे नियम, वेळा आणि सभासद कसं व्हायचं ही माहिती कोणत्याही नागरिकाला वाचता येईल अशा रीतीने जाहीर असली पाहिजे. खोपटाच्या दारावर खडूने लिहिलेलं चालणार नाही. वेबसाइट नसेल तर परवाना नाही, आणि परवाना नसेल तर खोपट उचला. इंगेलिसेने हे मला सांगितलं तेव्हा तिचा आवाज जरा वेगळा झाला. तिची आई गेली त्या हिवाळ्यात ती त्या धक्क्यावर पहिल्यांदा गेली होती आणि तेव्हापासून जातच राहिली. म्हणून मी हो म्हटलं. नाहीतर मी कशाला हो म्हणतो.

मंडळाचे अध्यक्ष कॅप्टन हर्लुफ. आयुष्यभर फेरीबोट चालवली, आता मंडळ चालवतात, आणि दोन्हींत त्यांना फारसा फरक वाटत नाही. त्यांचा फोन आला.

"मंगळवारी संध्याकाळी कार्यकारिणीची बैठक आहे. खोपटात ये. टॉवेल आण."

"लॅपटॉप घेऊन येतो. नमुने दाखवायचे आहेत."

"किती तापमान सोसतं त्याला?"

"माणसाला सोसेल तेवढं सोसेल."

"मग नको आणूस," कॅप्टन म्हणाले. "आमची माणसं ऐंशी अंशांवर बसतात."

आमच्या गावात कार्यकारिणीची बैठक सॉनात होते, कारण कॅप्टनांच्या मते तिथे कोणी लांबलचक बोलत नाही. मी नमुन्यांचे कागद छापले, वर प्लॅस्टिकचं आवरण चढवून घेतलं आणि गेलो. आत शिरताना मी पोहायची चड्डी घातली होती. फळ्यांच्या बाकांवर बसलेली कार्यकारिणी माझ्या चड्डीकडे बघायला लागली.

"आस्गर," अंधारातून एक ओळखीचा आवाज आला. "कलम सात."

कलम सात असं की आरोग्याच्या कारणास्तव सॉनात कोणतंही वस्त्र घालता येणार नाही. आणि तो आवाज होता मंडळाच्या सचिव बोडिलबाईंचा. बोडिलबाईंनी मला शाळेत डॅनिश शिकवलं आहे. ज्या बाईंसमोर मी वर्गात उभा राहून कविता विसरलो होतो, त्याच बाईंसमोर मला आता माझ्या व्यवसायाचं सादरीकरण करायचं होतं, आणि तेही कवितेच्या वेळी अंगावर निदान जे होतं त्याच्याशिवाय. मी चड्डी काढली, मांडीवर कागद घेतले आणि सुरुवात केली. गरम होताच प्लॅस्टिक सुरळी व्हायला लागलं. मुखपृष्ठाचा नमुना कॅप्टनांच्या मांडीला असा चिकटला की तो सोडवताना आम्ही दोघेही दुसरीकडे बघत होतो.

मी तीन निळे रंग दाखवले. सॉनात एक तांबडा मिणमिणता दिवा असतो. त्या उजेडात मंडळाने मतदान करून मधला निळा निवडला. बाहेर आल्यावर तो जांभळा निघाला.

"हा निळा नाही," कॅप्टन म्हणाले.

"तुम्हीच निवडलात."

"आम्ही निळा निवडला होता."

बैठकीत झालेला ठराव पुढच्या बैठकीपर्यंत बदलता येत नाही. वेबसाइट जांभळी झाली.

मग फोटो. लोकांचे फोटो टाकायचे तर प्रत्येकाची लेखी परवानगी लागते, हा कायदा आहे, आणि इथे लोक ज्या अवस्थेत असतात ती पाहता तो कायदा बरा आहे. असं ठरलं की पाठमोरे फोटो घ्यावेत. पण बोडिलबाईंचं म्हणणं पडलं की कॅप्टनांना अख्खं गाव पाठीमागूनही ओळखतं. कॅप्टनांना यात काही गैर वाटेना. त्यांच्या बायकोला वाटलं. शेवटी मी खोपटाचा आणि खुंट्यांवरच्या टॉवेलांचा फोटो घेतला. त्यावर एका सभासदाची तक्रार आली की त्याच्या टॉवेलवर एका हॉटेलचं नाव आहे आणि ते वाचता येतं. मी हॉटेलचं नाव पुसलं. यासाठी मी कॉलेजात गेलो होतो.

तरीही मी मन लावून काम केलं. मुखपृष्ठावर मी लाटा केल्या. साध्या नाहीत. बंदरावरच्या वाऱ्याप्रमाणे त्या कमीजास्त व्हायच्या, पानाच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत जायच्या आणि मधूनच एखादी फुटून तिचा फेस मजकुरावर सांडायचा. इतकी देखणी गोष्ट मी त्याआधी केली नव्हती. इंगेलिसेला मोठ्या पडद्यावर दाखवली.

"छान आहे," ती म्हणाली. "पण पाण्याचं तापमान कुठे दिसतं?"

"लाट ओसरली की दिसतं."

"मग ओसरव की आधी."

माझा शेजारी एब्बे याने त्या लाटा कुंपणाच्या झुडपावरून माझ्या फोनवर पाहिल्या. एब्बे कुंपण छाटायला येतो तो कात्री घेऊन, पण छाटताना मी त्याला क्वचितच पाहिलं आहे.

"माझा जावई ओडेन्सला असतो ना," तो म्हणाला, "तो म्हणतो, आता हे सगळं यंत्र स्वतःच करतं. आपण नुसतं सांगायचं. कॉफी होईपर्यंत वेबसाइट तयार."

"मग त्यालाच सांगूया की मंडळाची करायला."

"छे, त्याला कुठला वेळ." मग मला वाईट वाटू नये म्हणून असावं, त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला. "पण हाताने केलेल्याची गोडी वेगळीच असते रे. माझी आई विणायची."

आता मुख्य गोष्टीकडे येतो. नुसती वेबसाइट बांधून चालत नाही, मंडळींना तिच्यातला मजकूर स्वतः बदलता यायला हवा. नाहीतर पाणी अर्ध्या अंशाने गार झालं की मला फोन. त्यासाठी आतल्या बाजूला एक व्यवस्था असते, आणि तिच्यात माणसांच्या पायऱ्या असतात. कोणी फक्त लिहायचं, कोणी ते तपासायचं, आणि मुळातल्या बांधणीला एकानेच हात लावायचा. तो एक म्हणजे मी. यात अहंकार नाही. गाडीला ब्रेक सगळ्यांसाठी असतो, पण गाडीखाली सरपटत एकच जण जातो.

हे मी कॅप्टनांना समजावून सांगितलं.

"म्हणजे आमच्याच वेबसाइटवर तू आमच्यापेक्षा मोठा?"

"मोठा नाही. जबाबदार."

"जहाजावर त्यालाच कॅप्टन म्हणतात," कॅप्टन हर्लुफ म्हणाले, आणि त्यांनी विषय सर्वसाधारण सभेत नेला.

ती सभा शाळेच्या जेवणघरात झाली. दालचिनीचे पाव होते, कॉफी होती. मंडळाच्या घटनेप्रमाणे सर्व सभासदांचे हक्क समान आहेत, तेव्हा सर्व सभासदांना वेबसाइटवर मुख्य व्यवस्थापकाचे अधिकार द्यावेत असा प्रस्ताव आला. मी उठून बोललो. चांगला बोललो, असं मला अजूनही वाटतं. हात वर करून मतदान झालं. हातांचं ते रान बघत असताना त्यात मला माझ्या बायकोचाही हात दिसला.

"तूसुद्धा?" घरी जाताना मी विचारलं.

"त्यांनी मुद्दा चांगला मांडला होता," ती म्हणाली.

पासवर्ड कोणी विसरू नये म्हणून कॅप्टनांनी तो कपडे बदलायच्या खोलीतल्या फळ्यावर लिहिला, पाण्याच्या तापमानाच्या खाली. तिथे सकाळी गावातलं कोणीही येतं, पोस्टमनसुद्धा हात शेकायला थांबतो. आठवड्याच्या आत मुखपृष्ठावर रेवाचिनीची, म्हणजे मुरंब्याच्या त्या आंबट देठांची, रोपं फुकट मिळतील अशी जाहिरात आली. डाव्या पायाची सपात सापडली आहे, असं कोणी लिहिलं. सॉनातल्या दगडांवर ओतायच्या पाण्यात बर्चच्या झाडाचा अर्क घालावा की निलगिरीचा, यावर दोन गट पडले आणि ते मुख्य शीर्षकातच भांडायला लागले. प्रत्येक जण आपलं उत्तर आधीच्यापेक्षा मोठ्या टाइपात लिहायचा. निलगिरीवाल्यांचा शेवटचा मजकूर एवढा मोठा होता की पडद्यावर फक्त 'निल' मावत होतं. मी रोज सकाळी झाडू मारल्यासारखं ते साफ करायचो, दुपारपर्यंत पुन्हा तेच.

एकदा जेवताना कॅप्टनांचा फोन आला. "वेबसाइट बुडाली."

मी ताटावरून उठलो, सायकल काढली, भर वाऱ्यात त्यांच्या घरी गेलो. त्यांच्या टॅबलेटची बॅटरी संपली होती. मी चार्जिंगला लावून दिला. कॅप्टन पडदा उजळताना बघत राहिले आणि म्हणाले, "आली वर. पण अशी पुन्हा पुन्हा बुडायला लागली तर कसं व्हायचं?" मी त्यांच्या चेहऱ्याकडे नीट पाहिलं. चेष्टा नव्हती. ते खरोखरच काळजीत होते.

अशात पालिकेचं पत्र आलं. तपासणी अधिकारी सिडसेल क्राग त्याच आठवड्यात कधीही वेबसाइट पाहणार होत्या. मी कॅप्टनांकडून शब्द घेतला की तोपर्यंत कोणी कशाला हात लावणार नाही. रेवाचिनी काढली, सपात काढली, निलगिरी काढली. लाटांना पुन्हा एकदा हात फिरवला. इंगेलिसे त्या दिवसांत फार बोलत नव्हती. एकदा फक्त म्हणाली, "होईल ना रे?" मी म्हटलं, होईल. माझ्या कामावर माझा विश्वास होता.

शुक्रवारी सकाळी मी वेबसाइट उघडली तर लाटा नव्हत्या. जांभळा नव्हता. टॉवेलांचा फोटो आपल्या मूळच्या प्रचंड आकारात कुठेतरी तळाशी जाऊन पडला होता. वरपासून खालपर्यंत नुसता पांढरा कागद आणि काळी अक्षरं, पालिकेच्या कचऱ्याच्या वेळापत्रकासारखी. पासवर्ड सगळ्यांचा एकच असला तरी आत जाताना प्रत्येकाला आपलं नाव घालावं लागतं, आणि ते व्यवस्थेत दिसतं. मी बोडिलबाईंना फोन लावला.

"बाई, वेबसाइटमध्ये काही बदल केलात का?"

"हो. काल बसून शुद्धलेखन तपासलं. अधिकारी बघणार म्हटल्यावर तसंच कसं सोडायचं?"

"कुठलं शुद्धलेखन?"

"सगळं. आत एक-दोन पानं अशी होती, आस्गर, की अक्षरशः प्रत्येक ओळीच्या शेवटी अर्धविराम. एका ओळीला म्हणून शेवट नव्हता. मी सगळे पूर्णविराम केले."

मी खुर्चीवर बसलो. त्या पानांवर वेबसाइटचं रंगरूप कसं असावं, लाटा कशा हलाव्यात हे लिहिलेलं असतं, आणि तिथे अर्धविराम गेला की सगळंच गेलं.

"बाई, ती डॅनिश नाही. ती कॉम्प्युटरची भाषा आहे. तिच्यात अर्धविरामच लागतो."

"मग कॉम्प्युटरला कोणीतरी नीट शिकवायला हवं होतं."

"पण शेकडो असतील ते."

"हो ना, मला दुपार लागली. कंसांना मात्र मी हात लावला नाही. उघडायचे एका ओळीत आणि मिटायचे भलत्याच ओळीत, ही तुझी सवय शाळेपासूनची आहे. ती आता जायची नाही."

माझ्याकडे बाईंनी हात लावण्याआधीची प्रत होती. ती नेहमी असते, मी कच्चा माणूस नव्हे. ती परत बसवायला एकदा बटण दाबायचं की झालं. माझं बोट बटणावर होतं, खोटं सांगत नाही, तेवढ्यात कॅप्टनांचा फोन आला.

"आस्गर, काही करू नकोस. हात मागे घे."

"कॅप्टन, बाईंनी सगळं—"

"पालिकेचा फोन होता. आपण पास झालो. त्या क्राग म्हणाल्या की इतकी चांगली वेबसाइट त्यांनी या कामात पाहिली नव्हती."

"कधी पाहिली त्यांनी?"

"आत्ता. सकाळी."

मी म्हटलं, आनंद आहे, आता मी खरी वेबसाइट परत लावतो. तर नाही. तपासणीच्या दिवशी वेबसाइट जशी होती, त्याच रूपाला मंजुरी मिळाली होती. रंगरूपात बदल झाला तर पुन्हा अर्ज, पुन्हा तपासणी, आणि पुढचा नंबर ईस्टरनंतर. म्हणजे परवाना संपल्यावर. म्हणजे खोपट जाणार. एका महिन्याची माझी मेहनत एका बाजूला आणि पूर्णविरामांचा तो पांढरा पसारा दुसऱ्या बाजूला, आणि कायद्याचं संरक्षण पसाऱ्याला. त्या दुपारी कुंपणावरून एब्बे म्हणाला, "पाहिली मी. आता कशी सुटसुटीत केलीस. जावयालाही आवडली." मी आत निघून आलो.

पुढच्या आठवड्यात सिडसेल क्राग परवाना द्यायला स्वतः आल्या. कॅप्टनांनी त्यांना सॉनाचं आमंत्रण दिलं होतं आणि त्यांनी ते स्वीकारलं होतं. इंगेलिसे मला म्हणाली, "तूही चल. तुझंच काम आहे ते." त्या वाक्यावर विश्वास ठेवून मी गेलो.

चाळिशीच्या, उंच, हसऱ्या बाई. त्यांनी आपली पांढरी काठी माझ्या टॉवेलशेजारच्या खुंटीला टांगली, इंगेलिसेचा हात धरून आत आल्या आणि बोटांनी फळी चाचपून बसल्या. त्यांना दिसत नव्हतं. मला हे कोणी सांगितलं नव्हतं. कोणाला माहीत असेल असंही वाटत नाही, त्यांच्याशी सगळं बोलणं फोनवरच झालं होतं.

"अशी वेबसाइट केली तरी कोणी?" त्यांनी विचारलं.

"बोडिलने," तीन-चार जण एकदम म्हणाले.

"मी फक्त विरामचिन्हं सुधारली," बोडिलबाई म्हणाल्या. विनयाने म्हणाल्या, हे सर्वात वाईट.

मी उभा राहिलो. "वेबसाइट मी केली आहे. माझं नाव आस्गर."

त्यांनी चेहरा माझ्या आवाजाच्या दिशेने वळवला. "मग ती आधीची, लाटांचीही तुमचीच का? मी आठवड्याच्या सुरुवातीला एकदा उघडली होती. माझं यंत्र मला पान वाचून दाखवतं. ते म्हणालं, लाट. लाट. लाट. लाट. मला वाटलं यंत्र बिघडलं. मग म्हणालं, पाण्याचं तापमान. मी कान दिला, तर लाट."

सगळी कार्यकारिणी हसली. फळ्या हलत होत्या इतकी हसली. माझी बायको तोंडाला टॉवेल लावून बसली होती.

"नापासच करायचं ठरवलं होतं मी तिला," क्रागबाई सहज म्हणाल्या. "शुक्रवारी शेवटचं बघू म्हणून उघडली, तर सगळं एकापाठोपाठ एक नीट. शीर्षक, वेळा, नियम. कुठे अडले नाही."

"ते नीट होतं कारण मी तसं बांधलं होतं," मी म्हणालो. माझा आवाज चढला होता. "शीर्षकं कुठली, त्यांखाली काय, कशानंतर काय यायचं, हे सगळं माझं आहे. बाईंनी वरचा साज तेवढा मोडला. आतली हाडं माझी आहेत."

"हाडं उत्तम आहेत," त्या म्हणाल्या. "मग झाकली कशाला होती?"

 याचं उत्तर सुचेल तेव्हा मी ते पालिकेला लेखी कळवणार आहे. त्या वेळी मात्र जे मनात साठलं होतं ते सगळं बाहेर आलं. जांभळ्या रंगाबद्दल बोललो, हॉटेलच्या टॉवेलबद्दल बोललो, फळ्यावरच्या पासवर्डबद्दल बोललो. म्हणालो की प्लंबरशी कोणी असं वागत नाही. म्हणालो की यापुढे या मंडळाच्या वेबसाइटशी माझा काही संबंध नाही आणि हा माझा राजीनामा समजावा. बोडिलबाईंनी दगडांवर पळीभर पाणी ओतलं. वाफेचा लोळ थेट माझ्या तोंडावर आला आणि शेवटचं वाक्य खोकल्यात गेलं.

कपडे घातलेला माणूस रागाने निघून जाऊ शकतो. कोट उचलता येतो, दार आपटता येतं. माझ्याकडे यातलं काही नव्हतं, आणि सॉनाच्या दाराला स्प्रिंग आहे. मी बाहेर पडलो ते धक्क्यावरच. वारा असा लागला की तिथे उभं राहणं शक्य नव्हतं आणि पुन्हा आत जाणं त्याहून शक्य नव्हतं. तिसरी वाट शिडीची होती.

पाण्याबद्दल मी काही बोलणार नाही. मी ओरडलो, आणि तो आवाज बंदरापर्यंत गेला असं नंतर मासळीवाल्या बाईंनी सांगितलं. पण ओरडून झाल्यावर एकदम सगळं शांत झालं. छातीपर्यंत पाण्यात उभा राहून मी खोपटाकडे पाहिलं. खिडकीत तो तांबडा दिवा होता, धुरांड्यातून धूर निघत होता, आणि आतून इंगेलिसेच्या हसण्याचा आवाज येत होता. आईच्या पश्चात ती इथेच हसायला शिकली होती. खोपट जागच्या जागी होतं. राग मात्र माझ्याजवळ शाबूत होता, फक्त बोटांना जाणवत नव्हता.

दात वाजवत मी आत आलो तेव्हा बोडिलबाई बैठकीचं इतिवृत्त तोंडीच सांगत होत्या. "श्री. आस्गर यांची मंडळाच्या वेबसाइटचे आजीव प्रमुख म्हणून एकमताने निवड झाली."

"मी राजीनामा दिला आहे," मी म्हणालो.

"त्याची नोंद घेतली आहे. पण राजीनामा द्यायला आधी पद लागतं, ते तुझ्याकडे नव्हतं. तेव्हा पद दिलं."

"मग आता घ्या राजीनामा."

"आता तो वार्षिक सभेत मांडावा लागेल," कॅप्टन म्हणाले. "या वर्षीची झाली."

"आणि एकमताने कसं? मी इथे नव्हतो."

"म्हणूनच झालं," बोडिलबाई म्हणाल्या.

इंगेलिसेने सरकून फळीवर जागा केली. "दार लाव रे, ऊब जातेय सगळी." मी दार ओढून घेतलं आणि बसलो. पायांत हळूहळू जीव यायला लागला.  मग क्रागबाईंनी माझ्या बाजूला मान वळवली.

"पाणी किती अंशांवर आहे आज?"

"वेबसाइटवर आहे," मी म्हणालो.

"तो कालचा आकडा आहे," बोडिलबाई म्हणाल्या. "प्रमुखांनी आजचा अजून घातलेला नाही."